तसलीच चूक

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी साडेनऊच्या सुमाराला, कोल्हापूरच्या सदर बाजारातल्या आपल्या घराच्या गच्चीवर केस वाळवत उभी असताना शबनूर नदाफ गुणगुणता गुणगुणता मधेच थांबली. कुणी हाक मारली म्हणून नाही, की खाली गल्लीत पोरांनी लवंगीची माळ लावली म्हणूनही नाही. नुसतीच थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. दुसऱ्या खेपेलाही तिथंच. तिसऱ्या खेपेलाही तिथंच. मग मात्र तिचा हात केसांतच राहिला. चाल काही विशेष नव्हती, अशीच तोंडात आलेली, ना आगा ना पीछा. पण तिला पुढं जायला वाव होता, चांगला ऐसपैस वाव होता, आणि गळा काही पुढं सरकत नव्हता. तिनं कठड्यावरचा मोबाइल उचलला, त्यातलं घड्याळ लावलं आणि परीक्षेला बसल्यासारखं मुद्दाम परत गुणगुणून बघितलं. पंधरा सेकंद. परत बघितलं. पंधरा. एकदा चौदा आले तेव्हा तिला हसू आलं, पण ते अर्ध्यातच राहिलं. या अल्ला, हे कधी झालं? सव्वीस वर्षं हा गळा आपल्याबरोबर आहे, आपण झोपल्यावर झोपतो, आपल्याला सर्दी झाली की त्यालाही होते, आणि त्यानं आपल्याला न विचारता परस्पर हा धंदा कधी सुरू केला? खालून अम्मीनं हाक मारली, "शब्बू, चा थंडी हो रई की!" तशी ती "आले" म्हणाली आणि तिथंच उभी राहिली.

पंधरा सेकंद हा आकडा तिला नवा नव्हता. तिची गाणी काढणाऱ्या मुंबईच्या कंपनीतल्या त्या गारढोण खोलीत धैर्यशीलसरांनी भिंतीवरच्या पडद्यावर तिचंच एक गाणं किती लोक कुठवर ऐकतात त्याची रेघ काढून दाखवली होती. धैर्यशीलसर म्हणजे कंपनीत गाण्यांचं सगळं बघणारे. माणूस वाईट नाही. आवाज चढवत नाही, कॉफी स्वतः आणून देतो, आणि असल्या माणसाला नाही म्हणायचं म्हणजे जिवावर येतं. रेघ डावीकडं चांगली उंच होती आणि पंधराव्या सेकंदाला जोतिबाच्या डोंगरावरून धोंडा सुटावा तशी खाली आली होती. "इथं लोक आपल्याला सोडून जातात, शबनूर," सर म्हणाले होते, अगदी हळू, डॉक्टर बोलतात तसे. बाकीच्यांना ती रेघ दिसत असेल, शबनूरला माणसं दिसली. शिरोळच्या बाजूला ट्रॅक्टरवर बसलेला कुणीतरी, कागलला एसटीची वाट बघणारी कुणी पोरगी, एकेकजण मोबाइलवर अंगठा सरकवून निघून चाललेला. कुणाला थांबा म्हणायची सोय नाही. तेव्हापासून ती गायला लागली की तिच्या डोक्यात एक दार उघडं राही आणि त्यातून माणसं बाहेर पडत राहात. मग ती घाई करी. जे सांगायचं ते पहिल्या दमात सांगून टाकी आणि पुढं सांगण्यासारखं काही उरतच नसे.

आणि गंमत बघा, जिच्यामुळं ती लोकांची शबनूर झाली, ती तर चक्क चूक होती. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका लहानशा स्टुडिओत भाड्याची वेळ संपायला चाळीस मिनिटं उरली आणि बेंजोवाला आलाच नाही. बेंजोचा तुकडा कुठं येणार एवढं बाकीच्यांना कळावं म्हणून तिनं तो तोंडानंच म्हणून ठेवला, टिडिंग टँव, टिडिंग टिडिंग टँव, मागाहून पुसून टाकायचा म्हणून. हे तोंडानं म्हणणं तिच्या घरचं. तिचे अब्बा, इमाम नदाफ, एरवी गाद्या भरतात आणि लग्नसराई-मिरवणुकांच्या दिवसांत 'नवझंकार बेंजो पार्टी' चालवतात. पार्टीत कुणालाच सारेगम येत नाही. अब्बा नवं गाणं सगळ्यांना तोंडानंच शिकवतात, बेंजोला टिडिंग, ढोलाला धबाक, असे त्यांचे स्वतःचे बोल. तर तो तुकडा पुसायचा राहून गेला. गाणं तसंच बाहेर पडलं आणि बघता बघता पेटलं. मोबाइलवर बारा कोटी लोकांनी ऐकलं! लग्नात तेच, गणपतीत तेच, बारशात तेच. गाण्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही, सगळे त्याला 'टिडिंगटँव'च म्हणतात. अब्बांना पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा ते कितीतरी वेळ गादीला टाके घालत राहिले आणि मग म्हणाले, "आगं, ह्ये पुसायचं ऱ्हायलंय की!"

पुसायचं राहिलं ते राहिलंच. पुढची तीन गाणी तिनं जीव ओतून केली, एकही चूक न ठेवता, आणि तिन्ही आपटली. तेव्हा त्या गारढोण खोलीत धैर्यशीलसर म्हणाले, "शबनूर, आपल्याला ना, तसलीच एक चूक परत पाहिजे." कुणीही हसलं नाही. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. तीही हसली नाही, हे तिला आता गच्चीवर आठवून लाज वाटली. मग चुकांचा कारखानाच निघाला. तिनं मधेच खोकून बघितलं. स्टीलचं फुलपात्र पाडून बघितलं. शब्द विसरल्यासारखं केलं, तर ते इतकं खोटं वाटलं की काचेपलीकडचा माणूस तोंड फिरवून जांभई देऊ लागला. आणि सगळा दोष दाबाच्या माथी मारून मोकळं व्हावं, तर तशीही सोय नाही. कारण तिनंच एकदा भांडून मोकळीक मागून घेतली होती, आणि कंपनीनं दिली होती बिचारीनं! पाचगणीला बंगला, तीन महिने, कुणी फोन करणार नाही, हवं ते करा. तिथं तिनं काय केलं? दहा-दहा वाजेपर्यंत झोपली. स्ट्रॉबेरी खाल्ली. पेटी पुढं घेऊन चाळीस गाण्यांची तोंडं बांधली आणि एकाचंही धड पुढं नेलं नाही, कारण उद्या होतंच, परवाही होतंच. चाळीस मिनिटांत बारा कोटींचं गाणं झालं होतं आणि तीन महिन्यांत शून्य. मग खरं कशाला धरायचं? आज पाडवा. मुहूर्तावर कंपनी लग्नसराईच्या गाण्यांची नावं जाहीर करणार होती. शबनूरची जागा सहा वाजेपर्यंत राखून ठेवलेली. सहाच्या आत नमुना पाठवायचा, तसलीच चूक असलेला. नाहीतर ती जागा इंदूरच्या एका नव्या पोरीला. पण तिला भीती वाटत होती ती जागेची नव्हती, हे तिला ह्या क्षणी, ओल्या केसांचं पाणी पाठीवर उतरत असताना, स्पष्ट कळलं. जागा गेली तर जाईल. पण आपल्याला आता आपलं म्हणून काही सुचतच नसेल तर? पंधरा सेकंदांच्या पुढं आत काही नसेलच तर?

चहा खरंच थंड झाला होता. खाली अब्बा बेंजोच्या तारा पुसत बसले होते. आज कसबा बावड्यात म्हशींची मिरवणूक. दर पाडव्याला गवळी आपापल्या म्हशी धुऊन, शिंगं रंगवून, मोरपिसं आणि कवड्यांच्या माळा घालून रस्त्यावर आणतात. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलीमागं म्हशी उधळत जातात आणि सगळं कोल्हापूर ते बघायला लोटतं. नवझंकारची सुपारी ठरलेली, कारण आकाराममामा. आकाराम हा बावड्याचा गवळी, तीस वर्षं ह्यांच्या घरी दूध घालणारा, अब्बांचा जिवाभावाचा माणूस. "यील काय आमच्यासंगं?" अब्बांनी वर न बघता विचारलं. तिनं सांगितलं की सहाला गाणं द्यायचंय. "मग सहाला दे की," अब्बा म्हणाले. "आत्ता धा वाजल्यात. घरात बसून काय घड्याळाला हवा घालणार हाईस?" तिला राग आला. ह्या माणसाला काही कळतच नाही, असं दिवसातून एकदा तरी तिला वाटायचं, आणि राग आला की ती ऐकायची. ओढणी डोक्यावरून घेऊन ती टेंपोत ढोलाशेजारी जाऊन बसली.

टेंपोत बसल्यावर तिला गोठा आठवला. सहा-सात वर्षांची होती. त्या साली आकाराममामाचा हात मोडला होता, म्हणून दूध आणायला तीच जाई, किटली घेऊन, पहाटेच्या गारठ्यात. मामी धार काढायच्या आणि मामा मोडका हात गळ्यात अडकवून नुसते बाजूला बसून म्हशीशी बोलत. बोलत कसलं, एक लांबलचक हेल काढत. ना शब्द ना काही, हूं म्हणावं तर हूं नाही, ये म्हणावं तर ये नाही, पुढं पुढं जाणारं नुसतं. गोठ्यात उबदार वास असायचा, शेणाचा, पेंडीचा, दुधाचा. किटली मांडीवर घेऊन तीही त्यांच्यामागून तो हेल काढायची. एकदा शाळेला उशीर होतोय म्हणून तिनं रडून घाई केली तर म्हशीनं दूधच वर ओढून घेतलं. मामीनं कपाळाला हात लावला. मामा म्हणाले, "पोरी, हिची येळ चुकवून चालत न्हाई. सहा म्हंजे सहा, एक दीस चुकवलं तर कास सुजतीया. पर खाली बसल्यावर गडबड करायची न्हाई. पान्हा तिचा तिनंच सोडाय पायजे." पोरीला त्यातलं एवढंच कळलं की आज शाळेत छडी बसणार. बसलीही. आता टेंपोच्या धक्क्यांत तिला तो वास इतका लख्ख आला की तिनं डोळे उघडून आजूबाजूला बघितलं, तर शेजारी ढोल, आणि ढोलावर कुणाचा तरी डबा.

बावड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गुलाल, फटाके, मोटारसायकलींचा कान फोडणारा आवाज, आणि त्यात काळ्याभोर, तेल लावून चकचकीत केलेल्या म्हशी, एकेकीचा तोरा असा की जणू त्याच माणसं बघायला आल्यात. अब्बांनी बेंजो धरला. आणि लोकांनी काय मागितलं? टिडिंगटँव. अब्बांनी वाजवलं. ती पार्टीमागं ओढणीआड उभी राहून ऐकत होती. आपलंच गाणं, आणि तिला ते शेजारणीच्या पोरासारखं वाटलं. गोड आहे, मोठं झालंय, आपला काही संबंध नाही. मग रस्त्याच्या टोकाला हाकेची पैज सुरू झाली. गवळ्यानं एका बाजूला उभं राहून हाक द्यायची, आणि त्या कल्लोळातून वीस-पंचवीस पावलांवरची त्याची म्हैस त्याच्याकडं धावत यायला पाहिजे. जिची सगळ्यांत आधी येईल त्या गवळ्याला फेटा. आकाराममामाची म्हैस मैना, म्हणजे त्या गोठ्यातल्या म्हशीची नात, पैजेला उतरली होती. मामा पुढं आले, तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. तीन दिवस म्हशी सजवताना, पोरांना शिव्या घालताना गळा पार बसला होता. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, आणि त्यांना ओढणीआडची शबनूर दिसली.

"शबू, तू मार की हाक," ते फाटक्या आवाजात म्हणाले. "तुझा गळा समद्या म्हाराष्ट्रानं ऐकलाय. मैना कोण मोठी लागून गेली?"

नाही म्हणायच्या आत कुणीतरी तिला ओळखलं, आणि मग काय विचारता! शिट्ट्या, आरोळ्या, शंभर मोबाइल वर. मंडळाच्या अध्यक्षानं, हंबीरराव म्हणून कुणी भलामोठा गृहस्थ होता, त्यानं माइक तिच्या हातात कोंबला. "ताई, फकस्त टिडिंगटँव म्हना!" तिचं तोंड आपोआप हसरं झालं, मान जरा तिरकी झाली, फोटोत बरी दिसते म्हणून शिकवलेली, आणि तिनं माइकमधून दणदणीत आवाजात मैनेला टिडिंगटँव म्हणून हाक मारली. रस्ता नुसता नाचायला लागला. मैनेनं काय केलं? तिनं एकदा इकडं बघितलं, तोंड फिरवलं, आणि शेजारच्या म्हशीच्या गळ्यातली झेंडूची माळ सावकाश खायला सुरुवात केली. असा हशा पिकला की हंबीररावांचा फेटा सुटायची वेळ आली. शबनूरचे कान लाल झाले. बारा कोटी माणसं, आणि ही एक म्हैस ढुंकून बघेना! तिला मनापासून अपमान वाटला, आणि त्याच्या खालून, अगदी तळातून, काहीतरी हलकंफुलकं वर येऊ लागलं, ते काय आहे हे तिला कळेना. अब्बा बेंजो गळ्यात घेऊन जवळ आले आणि तिच्या कानाशी वैतागून म्हणाले, "तू त्या मोबाइलवाल्यांस्नी हाक मारायलीस. म्हस तिकडं हाय."

तिनं माइक हंबीररावांच्या हातात दिला. ओढणी मागं सारली. म्हशीकडं बघितलं. मैना माळ खात होती, शांतपणे, आणि तिचे ते मोठे ओले डोळे कुठंच बघत नव्हते. मग शबनूरनं तो गोठ्यातला हेल काढला. मोठ्यानं नाही, मोठ्यानं काढायचा तो हेलच नव्हे. पहिल्यांदा मैनेचा एक कान हलला. शबनूर थांबली नाही. दम संपला तिथं दम घेतला आणि पुढं गेली, तो हेल जिकडं वळेल तिकडं वळत, आणि लोक काय करतायत, किती उरलेत, किती गेले हे तिच्या ध्यानातच राहिलं नाही. मैनेनं माळ टाकली. मग निघाली. धावत बिवत नाही हं. चालत, डुलत, वाटेत एका मोटारसायकलीचा वास घेऊन, आपल्या सवडीनं आली आणि शबनूरच्या खांद्यावर तिनं आपलं गरम, ओलं नाक टेकवलं. तोवर दुसऱ्या चार म्हशी पोचून गेल्या होत्या. फेटा भलत्याच्याच डोक्याला गेला. आकाराममामा मैनेच्या मानेवर थाप मारत फाटक्या गळ्यानं म्हणाले, "पाचवी आली. पर आली." शबनूरच्या कुर्त्यावर म्हशीच्या नाकाचा ओला डाग पडला होता. तिला इतकं बरं वाटत होतं की तिनं तो पुसला नाही.

परतीच्या टेंपोत मोबाइल थरथरला. अनुजा. ही कंपनीत शबनूरचं काम बघणारी. मूळची कागलची, पण मुंबईत सहा वर्षं काढून बोलणं इस्त्री केल्यासारखं झालेलं. आज मात्र ती ओरडतच होती. "अगं, कसली कमाल केलीस! ती म्हशीची क्लिप! दोन तासांत नऊ लाख! सर म्हणतात, हीच ती चूक. तुझा टिडिंगटँव, मग म्हैस तोंड फिरवते, मग लोकांचं हसू. बरोबर पंधरा सेकंदांत बसतंय. मागं नुसता ठेका टाकायचा. जागा पक्की तुझी. तू आता काही केलं नाहीस तरी चालेल." फोन ठेवल्यावर ते शेवटचं वाक्य तिच्या कानात राहिलं. काही केलं नाहीस तरी चालेल. खोटं कशाला बोला, तिला मोह झाला. किती सोपं! नुसतं 'ठीक आहे' एवढं लिहायचं. तिनं लिहिलंही, आणि वाटेत ताराराणीचा पुतळा येईपर्यंत त्या दोन शब्दांकडं बघत बसली. क्लिपमध्ये फक्त पहिली हाक होती. मैना आली ते कुणी घेतलंच नव्हतं. घेतलं असेल तरी कोण टाकणार, ते फार लांब होतं. तिनं ते दोन शब्द पुसले.

घरी पोचली तेव्हा चार वाजून गेले होते. ती घरात न जाता अब्बांच्या गाद्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत गेली. तिथं कापसाच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या. आत शिरून दार लावलं की बाहेरचे फटाकेसुद्धा दूर कुठंतरी गावाबाहेर वाजल्यासारखे होतात. लहानपणी ती इथंच गायची, आणि आवाज कुठंही न आपटता कापसात मुरून जायचा. ती एका अर्धवट भरलेल्या गादीवर बसली. मोबाइल पुढं ठेवला. हेल काढला आणि त्याला शब्द आले, 'गर्दीत उभी मी, तुझ्याएवढी हाक घेऊन.' ओळ चांगली आहे की नाही हे तिनं स्वतःला विचारलं नाही, कारण चार वाजून वीस मिनिटं झाली होती आणि विचारायला वेळ नव्हता. सहा वाजायचे नसते तर ती ह्या ओळीशी आठ दिवस खेळली असती, पाचगणीला खेळली तशीच, आणि एक्केचाळिसावं तोंड बांधून उठली असती. घड्याळ समोर होतं म्हणून ती बसून राहिली. पण बसल्यावर तिनं घाई केली नाही. दुसऱ्यांदा गाताना बरोबर पंधराव्या सेकंदाला गळा अडखळला. डोक्यातलं ते दार उघडलं, आणि माणसं उठून बाहेर जाऊ लागली, ट्रॅक्टरवाला, ती एसटीची वाट बघणारी पोरगी. जावा की, तिनं मनात म्हटलं. कामं असतील. दिवाळी आहे. आणि ती पुढं गेली. पुढं अंतरा होता. अंतऱ्याच्या पुढं आणखी एक वळण होतं, ते तिला ठाऊकही नव्हतं, ते आपण होऊन पुढं आलं आणि तिला एकदम भरून आलं. आत आहे की अजून, संपलेलं नाही, पुष्कळ आहे. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि आवाज मात्र हलला नाही. एके ठिकाणी सूर जरा उतरला. तिनं तेवढा भाग परत गाऊन नीट केला. पावणेसहाला सव्वाचार मिनिटांचं गाणं झालं. तिनं ते अनुजाला पाठवलं, नाकडोळे पुसले आणि घरात जाऊन अम्मीकडं चहा मागितला. शेजारून आलेल्या फराळाच्या ताटातल्या दोन चकल्या उभ्या उभ्या खाल्ल्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

सहा वाजून दहा मिनिटांनी अनुजाचा फोन आला. मागं कुणाच्या तरी घरातली दिवाळी ऐकू येत होती. "शबनूर, हे काय पाठवलंस? सर विचारतायत, ह्यात चूक कुठं आहे?"

"सांग त्यास्नी, ह्या खेपेला चूक न्हाय झाली," शबनूर म्हणाली. "गाणं झालंय."

"चेष्टा करू नकोस. त्यांनी सुरुवात ऐकली आणि बंद केलं. साडेसहाला नाव जाहीर करायचंय. ती म्हशीची क्लिप द्यायला हो म्हण, नाहीतर इंदूरवाली."

"म्हशीची क्लिप न्हाय द्यायची मी. ते गाणं न्हवं."

"अगं, पण वर्षभर परत विचारणार नाहीत तुला!"

"तू ऐकलंस?"

"मी पुढं पाठवलं फक्त. वेळ कुठं होता?"

"मग ऐक. मी फोन धरते."

अनुजा काहीतरी पुटपुटली, पण तिनं दुसऱ्या मोबाइलवर लावलं असावं. शबनूर दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. कानाला लावलेल्या फोनातून, मुंबईतल्या कुठल्याशा खोलीतून, तिचा आवाज बारीक होऊन तिच्याकडं येत होता. तिकडं कुणीतरी "अनुजा, पणत्या लाव गं" म्हणून हाक मारली. मग दुसऱ्यांदा हाक आली, तर ती खेकसली, "थांब गं आई!" समोरच्या घरापुढं पोरी रांगोळीत रंग भरत होत्या. अब्बा बेंजोला फडक्यात गुंडाळत होते. शबनूरला कसलीच घाई नव्हती. गाणं संपलं. आणि मग अनुजा बोलली ती मुंबईची अनुजा नव्हतीच, कागलची होती.

"जागा गेली बघ तुझी," ती म्हणाली. नाक ओढलं. "परत एकदा लावू?"